देशाची आवड ठरवणारं घर

माझे थोरले दीर तहसील कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झाले आणि त्या दिवसापासून त्यांना ऐकणारी माणसं कमी पडायला लागली. कचेरीत निदान दाखल्यासाठी आलेले लोक खिडकीपुढं हात जोडून उभे राहायचे. घरी उरलो आम्ही चौघं. जाऊबाई, त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी, माझा नवरा आणि मी. नवरा एसटीत कंडक्टर, तो निम्मा वेळ रस्त्यावर. मी मधल्या खोलीत शिलाई मशीनवर आमच्या मुरुम गावच्या बायकांचे ब्लाऊज शिवत बसलेली. मशीन चालू असली की मला काही ऐकू येत नाही, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. ते खरं नव्हतं. मधल्या खोलीचं दार बैठकीत उघडतं आणि टीव्ही बैठकीत आहे. त्यामुळं पुढं जे झालं ते मी सगळं बघितलं. भावजींविषयी तेव्हा माझं जे मत होतं, तेच हे लिहितानाही आहे.

आमच्या स्लॅबवर पाण्याच्या टाकीशेजारी एक ताटली बसवलेली आहे, कढईएवढी. आभाळात फिरणाऱ्या उपग्रहाकडं तोंड करून ती दिवसरात्र उभी असते आणि जगात जे काही टाकाऊ तयार होतं ते झेलून खाली बैठकीत पाठवते. जग घरात आलं, असं लोक कौतुकानं म्हणतात. काय आलं ते मला माझ्या कात्रीवरून कळतं. एखाद्या मालिकेतल्या सुनेनं पाठ उघडी टाकली की आठवड्याच्या आत माझ्याकडं तसंच कापड येतं. मालिकेतली सून थंडगार महालात उभी असते. माझी गिऱ्हाईक त्या पाठीनं उन्हात तूर काढायला जाते आणि पोळून येते. बर्फात नाचणाऱ्या जोड्या बघून इथल्या लग्नात साबणाचा फेस उडवायला लागले. वाढदिवसाला केक खायचा सोडून तोंडाला फासायचा, हे मुरुममध्ये कुणी शिकवलं? शाळेत तर शिकवत नाहीत.

भावजींनाही हे आवडत नव्हतं, आणि एवढ्यापुरती मी त्यांच्या बाजूची होते. ते दर रविवारी विहारात चार शब्द बोलायचे. नागिणीच्या मालिका आणि बायकांची व्रतं दाखवणाऱ्या मालिका त्यांना डोळ्यापुढं नको असायच्या. "आपल्या बापजाद्यांनी हे सगळं टाकून दिलं," ते म्हणायचे, "आन् आता ते वरच्या ताटलीतून परत घरात घ्यायचं व्हय?" बोलणं बरोबर होतं. पण बोलून झालं की ते मांडी घालून अमेरिकेतली कुस्ती लावायचे. त्यात चड्डीवरचे दांडगे पुरुष एकमेकांच्या डोक्यात खुर्च्या घालतात आणि मधेच माईक हातात घेऊन हिंदीतून रडतात. तो त्यांच्या मते खेळ होता. खेळाला धर्म नसतो, संस्कृती नसते, म्हणून तो चालत होता.

एका दुपारी एक मध्यमवयीन गृहस्थ आले, सोलापूरकडचे. कोण काय बघतं याची मोजणी करणाऱ्या कुठल्याशा कंपनीचं काम ते करत होते. त्यांनी सोप्या शब्दांत सांगितलं. टीव्हीच्या बाजूला एक छोटं यंत्र बसवायचं. सोबत एक वेगळा रिमोट, त्यावर घरातल्या प्रत्येकासाठी एक बटण. टीव्हीपुढं बसलं की आपलं बटण दाबायचं, उठलं की परत दाबायचं. पाहुणा आला तर त्याचंही वेगळं बटण, त्यात त्याचं वय आणि बाई की पुरुष ते भरायचं. यंत्र आहे हे बाहेर कुणाला सांगायचं नाही. एवढं सांगून ते थांबले असते तर बरं झालं असतं. पण चहाचा कप खाली ठेवताना ते म्हणाले, "आपल्यासारख्या मोजक्या घरांवरून सगळ्या देशाची आवड ठरते, साहेब."

भावजींना निवृत्तीनंतर पहिल्यांदा कुणीतरी साहेब म्हटलं होतं. आणि वर सगळा देश.

यंत्र बसलं. एक नंबर भावजी, दोन जाऊबाई, तीन मुलगी, चार माझा नवरा, पाच मी. मी पाच नंबरला कधीच हात लावला नाही, त्यामुळं देशाच्या आवडीत मी नाही. त्याच संध्याकाळी भावजींनी सगळ्यांना बैठकीत बसवलं.

"आजपासून या घरात टीव्ही जपून बघायचा," ते म्हणाले. "आपण एकानं बघितलं की हजारो घरांत बघितलं असं धरत्यात. कळतंय का? जबाबदारी हाय ही."

"म्हंजे काय बघायचं?" जाऊबाईंनी विचारलं.

"ते मी सांगन."

आणि ते सांगायला लागले. सकाळी उठून चहाच्या आधी ते एक नंबर दाबायचे. मग बातम्यांचं चॅनल, जिथं खिडक्यांतून डोकी काढून माणसं एकमेकांवर ओरडतात. एखादा बोलणारा आवडला नाही की भावजी रिमोट उचलून दुसरं चॅनल लावायचे आणि समाधानानं मागं टेकायचे. "गेला याचा धंदा," म्हणायचे. तिकडं कुठंतरी काचेच्या इमारतीत त्यांनी चॅनल बदलल्याबरोबर कुणीतरी डोक्याला हात लावून बसतंय, असं ते मनात बघत असणार. एक जुनी मालिका बंद पडली तेव्हा तिच्या शेवटच्या भागाला ते खास बसले. भाग संपल्यावर माझ्या दाराकडं बघून म्हणाले, "महिनाभर म्या बघणं सोडलं व्हतं. टिकंल कशी?"

मी मशीन जोरात चालवली.

त्यांना वाटायचं की ताटली जसं आणते तसं नेतेही. यंत्रातून निघालेलं त्यांचं मत स्लॅबवर चढतं, ताटलीतून उडतं आणि उपग्रहाला जाऊन भिडतं. मुलीनं एकदा समजावून सांगितलं, "पप्पा, ताटली नुसती घेती. वर काय पाठवत न्हाय. यंत्राचं फोनच्या सिमवरून जातंय." त्यांनी ऐकून घेतलं, पण वर जाऊन ताटलीवरची धूळ पुसायचं काही सोडलं नाही. कावळा बसला की ते खालूनच खडा मारायचे.

बाहेर सांगायचं नाही, ही अट त्यांना फार जड गेली. बसस्टँडजवळच्या हॉटेलात चहा पिताना ते गप्पांना असं वळण द्यायचे की कुणीतरी विचारावं. कुणी विचारत नव्हतं. मग तेच म्हणायचे, "मला काय बोलता येत न्हाय, सरकारी असल्यासारखंच हाय ते. पर काय चालणार आन् काय न्हाय, हे आता बऱ्यापैकी आपल्या हातात हाय." हे माझा नवरा ऐकून आला आणि घरी येऊन पोट धरून हसला. मला हसू आलं नाही. बैठकीतून दिवसभर ओरडणं ऐकायला तो कुठं घरात होता?

शेजारची अव्वा तर तोडलीच त्यांनी. आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी ही म्हातारी अक्कलकोटकडची, घरात कानडी बोलणारी. तिच्या घरी टीव्ही होता, पण त्यावर नातवंडं कार्टून लावायची. म्हणून रोज संध्याकाळी भाकरी थापून झाली की ती आमच्याकडं अर्धा तास कानडी मालिका बघायला यायची. आम्हाला कुणाला ती कळायची नाही आणि अव्वा ती आम्हाला मराठीतून सांगायची. मालिकेपेक्षा ते सांगणं चांगलं असायचं, कारण कुणाचं काय चुकलं हे ती मालिकेआधी ठरवून मोकळी व्हायची. यंत्र बसल्यावर ती आली तेव्हा भावजींनी पाहुण्याचं बटण काढलं.

"अव्वा, वय किती लिहू?"

"कुणाचं?"

"तुमचं."

"तुझ्या टीव्हीला माझं वय कशाला रे?"

"भरावं लागतंय. नियम हाय. आन् हे कानडी चॅनल इथं मोजलं जाणं बरोबर न्हाय, महाराष्ट्राची आवड बिघडती त्यानं."

अव्वा उभीच होती. तिनं टीव्हीकडं बघितलं, यंत्राच्या लाल दिव्याकडं बघितलं. "तुझ्या आईबरोबर मी या बैठकीत बसून डाळ निवडलीय," ती म्हणाली. "तिनं कधी माझं वय विचारलं न्हाय." चप्पल घालून गेली ती परत आली नाही. आता ओट्यावर भेटलो की आम्ही बोलतो, पण आमच्या उंबऱ्याच्या आत तिनं पाय ठेवलेला नाही. भावजी म्हणाले, चला, आकडा स्वच्छ राहिला.

आता जाऊबाईंची गोष्ट सांगते, कारण खरं नुकसान त्यांचं झालं.

जाऊबाई एक परदेशी मालिका बघायच्या. रोज दुपारी लागायची. तुर्कस्तानातली आहे असं मुलीनं शोधून सांगितलं होतं. माणसं तिकडची, समुद्र तिकडचा, बोलणं मात्र हिंदीत घातलेलं, त्यामुळं ओठ मिटल्यावरही वाक्य चालूच राहायचं. नवऱ्यानं टाकलेली एक बाई बापाची बंद पडलेली नावा दुरुस्तीची शेड परत उघडते, अशी काहीतरी कथा. मला विचाराल तर तीही फालतूच होती. दर भागात कुणीतरी जिन्यावर उभं राहून रडायचं आणि एवढं दुःख असूनही कुणाच्या साडीला, म्हणजे झग्याला, सुरकुती पडायची नाही. असल्या मालिका एका देशात शिजवायच्या आणि उपग्रहावरून सगळ्या जगाच्या ताटात वाढायच्या, मग केनियातल्या बाईनं आणि मुरुममधल्या बाईनं एकाच वेळी एकाच जिन्यावर रडायचं. जग जवळ आलं म्हणतात ते एवढंच.

पण जाऊबाईंना त्यात काय आवडतं ते मी एकदा विचारलं होतं. त्या भांडी पुसत होत्या. थोडा विचार करून म्हणाल्या, "ती बाई रोज कामावरून आल्यावर पायरीवर बसून चहा पिती. एकटीच. काचेच्या इवल्या पेल्यात. आन् तिला कोण हाक मारत न्हाय."

"एवढंच?"

"एवढंच कशाला? लई हाय ते."

समुद्र त्यांनी कधी बघितलेला नव्हता. सोलापूरला रेल्वे धरून मुंबईला जायचं दोनदा ठरलं आणि दोन्ही वेळा भावजींचं काहीतरी निघालं. मग त्या दुपारचा समुद्र बघायच्या. बाजारातून त्यांनी काचेचे दोन छोटे पेले आणले होते. एकात त्या बिनदुधाचा चहा घ्यायच्या आणि कडू तोंड करायच्या.

यंत्र आल्यावर पहिल्याच आठवड्यात भावजींनी ती मालिका बंद केली. "असली परदेशी थेरं आपल्या घरातून मोजली जाणार न्हाईत," म्हणाले. जाऊबाई काही बोलल्या नाहीत. त्यांच्या लग्नाला इतकी वर्षं झाली होती की न बोलणं त्यांना शिलाईसारखं सवयीचं झालं होतं, खालून वर, वरून खाली.

भावजी दुपारी जेवण करून वरच्या खोलीत झोपायचे. पण झोपायला जाताना ते आपलं एक नंबरचं बटण बंद करायचे नाहीत, आणि टीव्हीही नाही. आपण झोपलो तरी आपलं मत चालू राहावं, असा त्यांचा हिशेब. त्यामुळं दुपारभर रिकाम्या बैठकीत बातम्या गरजत राहायच्या. आम्ही आवाजही कमी करायचा नाही, कारण आवाज कमी केला तर मत कमी होईल, असं त्यांना वाटायचं.

हे मुलीच्या लक्षात आलं. एका दुपारी ती कॉलेजातून लवकर आली होती. जाऊबाई माझ्या खोलीत ब्लाऊजला हुक लावत होत्या. मुलगी दारात उभी राहून म्हणाली, "आई, पप्पांचं बटण चालूच हाय की."

"असू दे."

"असू दे न्हाय. तू तुझी मालिका लाव. तुझं बटण दाबूच नको. मोजलं तर पप्पा बघत्यात म्हणून मोजतील."

जाऊबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी दोरा ओवत होते. "आवाज बारीक ठेवा, अक्का," एवढंच मी म्हणाले.

त्या दिवसापासून रोज दुपारी वर भावजी घोरायचे आणि खाली त्यांच्याच नावावर ती बाई पायरीवर चहा प्यायची. जाऊबाई आपला पेला घेऊन समोर बसायच्या. मालिका संपली की बातम्या परत लावायच्या, आवाज वाढवायचा, पेला धुऊन ठेवायचा. त्या काही महिन्यांत जाऊबाईंनी मला जेवढं हसून दाखवलं तेवढं त्याआधी कधी दाखवलं नव्हतं. मुलीलाही गंमत वाटायची. "देशातले रिटायर बाप्ये लई हळवे झाल्यात, असं छापून येईल बघ," ती म्हणायची.

छापून काही आलं नाही. सोलापूरकडचे ते गृहस्थ आले. सकाळची वेळ होती, भावजी टीव्हीपुढंच होते. जाऊबाईंनी चहा ठेवला. गृहस्थ अवघडून म्हणाले, "साहेब, थोडं विचारायचं होतं. वरून विचारणा झाली आहे. एक नंबरचं बटण सकाळपासून रात्रीपर्यंत चालूच दिसतं. आपण जेवायला उठत असाल ना?"

"लक्ष असतंय माझं," भावजी म्हणाले.

"ते ठीक. पण दुपारी रोज ती परदेशी मालिका दिसते. ती बायकांची आहे ना जरा... आपल्या वयाच्या पुरुषांत ती कुणीच बघत नाही. म्हणून शंका आली. बटण आपलंच आहे, पण बघणारं दुसरं कुणी असेल तर नोंद चुकते. मग घर बदलावं लागतं."

जाऊबाई चहाचं ताट घेऊन दारातच थांबल्या. मी मशीनवरून पाय काढला. मुलगी आत पुस्तक तोंडापुढं धरून बसली होती. भावजींनी वळून जाऊबाईंकडं बघितलं. सगळं त्यांना त्या एका क्षणात कळलं, कारण कारकुनाला दुसऱ्याची चोरी पटकन कळते. आता ओरडतील, मला वाटलं. मी मनात उत्तरही जुळवून ठेवलं होतं.

पण यंत्र जाणार होतं. घर बदलणार होतं. साहेब म्हणणारं माणूस परत येणार नव्हतं.

"व्हय," भावजी म्हणाले. "मीच बघतो."

"आपण स्वतः?"

"का? माणसानं जगातलं सगळं बघावं. चांगली मालिका हाय. त्या बाईचा संघर्ष हाय त्यात."

गृहस्थांनी मान हलवली, चहा घेतला आणि गेले. भावजींनी दार लावलं. त्या दुपारी ते वर झोपायला गेले नाहीत. मालिकेच्या वेळेला ते उशीला टेकून टीव्हीपुढं बसले, कारण आता ते खरं करून दाखवणं भाग होतं. यंत्राला खोटं सांगायला ते घाबरत होते. बायकोला आयुष्यभर सांगायला कधी घाबरले नव्हते.

पहिले चार दिवस ते नाक मुरडून बसले. मग प्रश्न विचारायला लागले. हा कोण, तो तिचा कोण, शेड कुणाच्या नावावर आहे. जाऊबाई सांगायच्या. पुढं पुढं भावजीच त्यांना सांगायला लागले. "हिनं आधी सातबारा बघायला पायजे व्हता," ते म्हणायचे. "वारस नोंद न करता शेड उघडली, आता भोग म्हणावं." ती बाई रडायला लागली की ते म्हणायचे, "आता नवरा येणार बघ, या बायकांचं असंच असतं." आणि ती पायरीवर चहा घेऊन बसली की त्यांना सगळ्यात जास्त बोलायचं असायचं, कारण त्या वेळी पडद्यावर कुणी बोलत नसे. "काय कामधंदा न्हाय हिला. बसलीय आपली. ए, मलाबी आण की अर्धा कप."

जाऊबाई उठायच्या. चहा करून आणेपर्यंत पायरी संपलेली असायची.

असं किती दुपारी चाललं ते मी मोजलं नाही. एक दिवस मी मान वर केली तर बैठकीत भावजी एकटेच होते, आणि जाऊबाई न्हाणीघरात धुणं घेऊन बसल्या होत्या. दुपारच्या वेळी धुणं त्या कधी काढायच्या नाहीत. भावजींनी हाक मारली, "अगं ये, सुरू झालं!" आतून नळाचा आवाज आला फक्त. भावजींनी पुढचा सगळा भाग मोठमोठ्यानं कुणाला तरी सांगत एकट्यानं बघितला. त्यांना त्यात काही कमी पडलं असं वाटलं नाही. मला त्यांचा त्या दिवशी आला तेवढा तिटकारा आधी कधी आला नव्हता. मालिका बंद करणारा माणूस मला समजत होता. मालिका ताब्यात घेऊन तिच्यावर बसणारा माणूस मी पहिल्यांदा बघत होते.

पुढं यंत्र गेलंच. घरं ते असंही बदलत राहतात, असं त्या गृहस्थांनी सांगितलं, आणि ताराबिरा गुंडाळून घेऊन गेले. भावजी दारापर्यंत सोडायला गेले. साहेब, येतो, एवढं ऐकून परत आले आणि बराच वेळ टीव्ही न लावता बसून राहिले. भिंतीवर यंत्राच्या जागी फिकट चौकोन पडला होता, तिथं त्यांनी कॅलेंडर लावलं. थोड्याच दिवसांत त्या चॅनलवरची परदेशी मालिकाही संपली, का मध्येच काढली, कुणास ठाऊक. हॉटेलात भावजी सांगतात, "आमचं यंत्र नेलं आन् मालिका पडली." ऐकणारे मान डोलावतात. चहा भावजी पाजतात म्हणून.

मुलीनं नंतर त्या मालिकेचे राहिलेले सगळे भाग मोबाईलवर शोधून काढले. ताटली नाही, बटण नाही, वेळ नाही, कधीही बघा. तिनं आईसाठी कानात घालायची वायरही आणली. त्या दिवशी भावजी लग्नाला ईट गावी गेले होते, घर शांत होतं. मी पाणी ठेवलं, काचेचा पेला शोधून काढला. मुलीनं मोबाईल डब्याला टेकवून उभा केला आणि वायरीचं एक टोक आईच्या कानात घातलं.

समुद्र आला. बाई पायरीवर आली. जाऊबाईंनी दोन-तीन मिनिटं बघितलं आणि वायर कानातून काढून मुलीच्या हातात दिली.

"काय झालं?" मुलीनं विचारलं. "आवाज येत न्हाय का?"

"येतोय की. पर ती बसली की मला तुझ्या पप्पांचंच बोलणं ऐकू यायलंय."

"पप्पा घरात न्हाईत, आई."

"म्हाईत हाय मला," जाऊबाई म्हणाल्या. त्यांनी माझ्यापुढचा हिरवा ब्लाऊज ओढून घेतला, डबीतून हुक काढले आणि दाराकडं पाठ करून लावायला बसल्या. चहा मी केला होता, तो मीच प्याले. कडू होता.